घोट्याच्या उंचीवर

पाळणाघराच्या मावशीचं भिंतीवरच्या एका चकतीवर प्रेम बसलं होतं आणि ते ती कुणापासून लपवतही नव्हती.

चकती तळहातात मावेल एवढी, पांढरी, दाराशेजारी मोठ्या माणसाच्या छातीच्या उंचीवर बसवलेली, मधोमध खोलीचं तापमान दाखवणारा लुकलुकता आकडा. डावीकडे फिरवली की खोली गार, उजवीकडे फिरवली की उबदार. दुपारी मुलांची जेवणं उरकली, सांडलेलं आवरून झालं, डायपर बदलून झाले, की मावशी कपाळावरचा घाम दंडाला पुसत चकतीपाशी जायची आणि तिला टोकापर्यंत डावीकडे वळवायची.

"बघा भुंगीची आई," ती म्हणायची, "वळ म्हटलं की वळतो. असला नवरा मिळाला असता तर मी कशाला दुसऱ्यांची पोरं सांभाळली असती? स्वतःचीच डझनभर केली असती."

भुंगीची आई हसायची, आणि त्या हसण्यात थोडा तोरा असायचा. कारण चकती तिची होती. म्हणजे चकती, चकतीमागची तार, तार जिथे जाते ती यंत्रं आणि त्या यंत्रांतून साऱ्या इमारतीत खेळणारी हवा, हे सगळं तिनं आखलेलं होतं. तिच्या कचेरीत तिला 'वारेवाली'च म्हणत. भिंती उभारणारे वेगळे, दिवे लावणारे वेगळे. ही वारा आणून देणारी.

इमारत नवी होती आणि गुणी होती. विजेची उधळपट्टी नाही, छतातून अंगावर कोसळणारा गारठा नाही. हवा जमिनीच्या खालून यायची, हळूच, कुणाला न सांगता. प्रत्येक टेबलापाशी जमिनीत एक जाळी आणि टेबलाच्या कडेला एक चकती. गार हवा पायाशी पसरते, माणसाच्या अंगाच्या उबेनं त्याच्याच भोवती वर चढते आणि छताशी निघून जाते. फक्त माणूस असतो तेवढीच जागा गार करायची, वरची रिकामी जागा कशाला? उद्घाटनाच्या दिवशी वारेवालीनं सगळ्यांना समजावून सांगितलं होतं, "इतकी वर्षं कचेऱ्यांमध्ये एक जण स्वेटर घालून बसतो आणि शेजारचा फाइलीनं वारा घेतो. इथे ते भांडण नाही. तुमची हवा तुमच्यापुरती. हवी तशी करा, दुसऱ्याला त्रास होणार नाही."

टाळ्या पडल्या होत्या. मागे उभ्या असलेल्या मावशीनं तर जरा जास्तच वाजवल्या होत्या. तिचं ते वय होतं, आतून अवचित भट्टी पेटण्याचं. पाळी जायच्या बेतात होती, मानेवरून घामाच्या धारा लागायच्या आणि जुन्या जागी खिडकी उघडली तरी कुणीतरी येऊन बंद करायचं. आपली हवा आपल्यापुरती, हे तिला कुणी पहिल्यांदाच सांगत होतं.

वारेवालीच्या कचेरीनं त्याच इमारतीत एक मजला घेतला होता, आपलं काम पाहुण्यांना दाखवायला बरं म्हणून. त्यामुळे तळमजल्यावरच्या पाळणाघरात तिची लेकही यायची. वर्षाची होऊन गेलेली, अजून भिंत धरून चालणारी. झोप यायला लागली की ती घशातल्या घशात गुणगुणायची, एकसुरी, लांबलचक. त्यावरून 'भुंगी' हे नाव मावशीनंच पाडलं आणि घरानं मुकाट्यानं स्वीकारलं.

आणि हल्ली भुंगी गुणगुणत नव्हती. नाक चोंदलेलं असलं की ते जमत नाही.

सुरुवातीला वाटलं, होतं मुलांना. पाळणाघरात घातलं की पहिले काही महिने सर्दी आंदणच मिळते, असं डॉक्टरही म्हणाले. पण सर्दी हटेना. एकाची गेली की दुसऱ्याला, दुसऱ्याची गेली की परत पहिल्याला. मग भुंगीचा डावा कान दुखायला लागला. कान दुखणारं तान्हं काय करतं हे ज्यानं भोगलंय त्यालाच ठाऊक. त्या आठवड्यात वारेवाली आणि तिचा नवरा आळीपाळीनं खांद्यावर मूल घेऊन घरभर फिरले आणि दिवसा एकमेकांशी फक्त औषधाच्या वेळांबद्दल बोलले.

अशा अवस्थेत ती पालकांच्या बैठकीला जाऊन बसली.

बैठक इमारतीच्या व्यवस्थापक बाईंनी बोलावली होती. बाई इस्त्रीच्या कडक कपड्यांतल्या, बोलणंही तसंच, घडी न मोडणारं. पालकांनी मात्र घडी मोडायला वेळ लावला नाही.

"आमच्याकडे एकाचं नाक थांबलं की दुसऱ्याचं सुरू होतं," जुळ्यांचा बाप म्हणाला. "आपसात पाळ्या लावून घेतल्यात त्यांनी."

"आजारी मुलं आत घेते ती. कुणाला नाही म्हणत नाही."

"नाकं तरी पुसते का?"

"एकटी बाई किती पुसणार?"

"मग एकटी बाई ठेवूच नये ना."

बोलणं असं इकडून तिकडे जात होतं आणि कुणालाच नक्की काही ठाऊक नव्हतं. वारेवालीच्या डोळ्यांत वाळू भरल्यासारखं झालं होतं. कुणावर तरी चिडावंसं वाटत होतं आणि लेकीच्या कानावर तर चिडता येत नव्हतं. ती म्हणाली, "मी एकदा पाहिलंय. मावशी ओल्या फडक्यानं जमीन पुसतात आणि लगेच त्यावर गाद्या टाकतात."

 इतका वेळ नुसती कुरबूर होती. आता पुरावा मिळाला. शिवाय तो देणारी जाणकार बाई, साक्षात हवा आखणारी.

ओलं फडकं तिनं खरंच पाहिलं होतं. दारातून, जाता जाता. तेवढ्यात तिचा फोन वाजला आणि ती वर निघून गेली. गाद्या कधी टाकल्या हे तिनं पाहिलं नव्हतं. 'लगेच' हे तिच्या पदरचं होतं. वाक्य तोंडातून बाहेर पडल्याबरोबर तिला ते जाणवलं, पण सगळे माना हलवत होते आणि हलणाऱ्या माना थांबवायचं बळ तिच्यात नव्हतं.

व्यवस्थापक बाई म्हणाल्या, "महिनाअखेर आपण पाळणाघर एका संस्थेकडे सोपवू. शिकलेल्या मुली देतात ते. या बाईंना मी सांगेन."

दुसऱ्या दिवशी दुपारी मावशीचा फोन आला. तिला अजून कुणी काही सांगितलं नव्हतं. "भुंगीची आई, तुमची लेक आज काही केल्या पडत नाहीये. कान धरून बसलीये. मी थोपटून दमले. येता का जरा? बाकीची उठली तर माझं काही खरं नाही."

वारेवाली खाली आली. पडदे ओढलेले, भिंतीच्या कडेनं छोट्या छोट्या गाद्या ओळीनं अंथरलेल्या, त्यांवर पालथी, उताणी, मुठी आवळलेली मुलं. मधली जागा खेळायला मोकळी राहावी म्हणून गाद्या भिंतीलगत. भुंगी आईला पाहून फुरफुरली. वारेवालीनं चपला काढल्या आणि त्या इवल्याशा गादीवर लेकीला कुशीत घेऊन ती आडवी झाली, पाय बाहेर, निम्मं अंग जमिनीवर.

भुंगी छातीशी लागली. आणि मग, खोलीत हालचाल थांबल्यावर, वारेवालीच्या कानाला काहीतरी लागलं.

गार. पाण्याची पातळ धार जमिनीवरून सरकत यावी तसं. कानाच्या पाळीवरून गालावर, गालावरून मानेत. थांबत नव्हतं. तिनं मान उचलून पाहिली. जरा वर घेतलं डोकं की काही नाही, खोली छान, सुखाची. परत डोकं टेकलं की धार.

भिंतीच्या तळाशी, गाद्यांच्या उशापासून वीतभर अंतरावर, लांबच लांब बारीक जाळी होती.

तिनं भुंगीचं नाक पुसलेल्या कागदी रुमालाची एक पट्टी फाडली आणि जाळीसमोर धरली. पट्टी उडाली नाही, फडफडलीही नाही. फक्त भिंतीपासून लांब, गादीच्या दिशेनं वाकली आणि तशीच वाकून राहिली, कुणीतरी तिला बोटानं धरून ठेवल्यासारखी.

 ही खोली पहिल्या नकाशात बैठकीची खोली होती. टेबल, खुर्च्या, खुर्च्यांवर माणसं. पाळणाघराची टूम नंतर निघाली. तेव्हा ती बाळंतपणाच्या रजेवर होती. भुंगी अंगावर पीत होती आणि दुसऱ्या हातात फोन होता. कचेरीतून विचारलं, जमिनीतल्या जाळ्यांत पोरं बोटं घालतील, काय करायचं? तिनं तिथल्या तिथे उत्तर दिलं, जाळ्या भिंतीच्या तळाशी घ्या, हवा तेवढीच ठेवा. आपल्या हुशारीचं तिला कौतुकही वाटलं होतं. एका हातानं मूल, एका हातानं काम.

पण हिशेबातली माणसं तिनं बदलली नव्हती. हिशेबात माणूस म्हणजे खुर्चीवर बसलेला माणूस. त्याच्या डोक्याशी गारवा किती, कमरेशी किती, घोट्याशी किती, असं तिन्हीकडे मोजतात. तिनंही इथे तापमापक लावलेली काठी उभी करून मोजलं होतं. घोट्याशी चांगलंच गार आलं होतं. तिनं म्हटलं होतं, चालेल. घोट्याला काय, मोजे असतात.

घोट्याची उंची म्हणजे जमिनीपासून चार बोटं. तिच्या लेकीचं नाक बरोबर तिथे होतं.

"लागतंय ना?" मावशीचा आवाज आला, एकदम बारीक.

वारेवालीनं वर पाहिलं. मावशी मांडीवर कुणाचं तरी पोर घेऊन बसली होती आणि तिची नजर त्या कागदाच्या पट्टीवर खिळली होती. "माझंच चुकलं," ती म्हणाली. "मला वाटायचंच कधीकधी, पोरांचे पाय गार का लागतात. पण मला इतकं उकडतं हो. आतून जाळ उठतो, जीव नकोसा होतो. मग मी ती चकती फिरवते. तुम्ही म्हणाला होता ना, दुसऱ्याला त्रास होत नाही." ती थांबली. मांडीवरच्या पोराचे पाय तिनं पदराखाली घेतले. "पण तुम्ही टेबलाचं बोलत होता. मला कळायला हवं होतं. बिचारी भुंगी. मी हिचा कान फोडला."

आता बोलायचं होतं. हीच ती वेळ होती, आणि बोलायचं होतं ते फार नव्हतं: चकती फिरवली म्हणून थोडं वाढलं असेल, पण चकतीला हात न लावताही इथे गारच असतं, मी ठेवलंय तसं. एवढं म्हटलं असतं तरी पुरलं असतं.

वारेवाली म्हणाली, "बघते मी."

आणि लेकीला उचलून ती वर गेली.

वर सर होते. कचेरी त्यांची. त्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं, कागदाच्या पट्टीची गोष्ट दोनदा सांगायला लावली, आणि मग म्हणाले, "पुढच्या आठवड्यात तपासणीची मंडळी येतायत. इमारतीला हरित दर्जा मिळायचा तो याच एका गोष्टीवर, ज्याची हवा त्याच्या हातात. आता तू खालच्या मजल्यावर बोंब मारणार का?"

"मुलं आजारी पडतायत, सर."

"मग पडू देऊ नकोस. गाद्या मध्ये सरकवायला सांग. चकतीला इथून कुलूप घाल, फार गार होणारच नाही अशी. हवा कमी कर. काम झालं. तपासणी पार पडली की जाळ्या बदलू. गाजावाजा कशाला?"

"आणि मावशी? तिला काढतायत. तिच्यामुळे सर्दी होते म्हणून."

सर खरोखर गोंधळले. "मावशी आपल्या नकाशात कुठे येते?"

त्यात दुष्टपणा नव्हता. त्यांचं ते बोलण्याचं वळण होतं, आणि इतकी वर्षं तिचंही तेच होतं.

तिनं सरांनी सांगितलं तसं केलं. मावशीला म्हणाली, गाद्या मध्ये घ्या, भिंतीशी उजेड येतो डोळ्यांवर. मावशीनं ओढलेल्या पडद्यांकडे पाहिलं आणि काही न विचारता गाद्या मध्ये घेतल्या. मग वर येऊन वारेवालीनं संगणकावरून पाळणाघराच्या चकतीला आतल्या आत बांधून टाकलं. बाहेरून ती पहिल्यासारखीच फिरत होती. फक्त फिरण्यानं काही होत नव्हतं.

नाकं वाळू लागली. जुळ्यांच्या बापानं लिफ्टमध्ये सांगितलं की त्यांच्याकडे दोघंही एकाच वेळी बरे आहेत, आणि असं घडल्याची नोंद घराण्यात नाही. भुंगीचा कान शांत झाला. एके दुपारी तर दाराबाहेरूनही तिचं गुणगुणणं ऐकू आलं. वारेवालीनं काचेतून डोकावून पाहिलं.

मावशी चकतीपाशी उभी होती. डावीकडे फिरवली, थांबली, हात हवेत धरून पाहिला. परत फिरवली. चेहरा लालभडक, केस मानेला चिकटलेले. मग तिनं बेसिनवर एक टॉवेल भिजवला, पिळला, गळ्याभोवती गुंडाळला आणि दाराच्या फटीशी स्टूल ओढून बसली. वारेवालीला पाहून हसलीसुद्धा.

"नवरा रुसला," ती म्हणाली. "बरोबरच आहे. पोरांना छळलं मी, आता भोगते. बरं आहे, मुलांना आराम पडला ना."

त्याच दिवशी व्यवस्थापक बाई जिन्यात भेटल्या. "तुम्ही त्या दिवशी स्पष्ट बोललात ते फार बरं झालं," त्या म्हणाल्या. "बाईंना समज दिली आणि बघा, आठवड्यात नाकं कोरडी. म्हणजे हलगर्जीपणाच होता. संस्थेच्या मुली पुढच्या सोमवारपासून येतायत."

वारेवाली जिन्याचा कठडा धरून उभी राहिली. तिनं केलेली दुरुस्तीच मावशीवर पुरावा होऊन बसली होती. चूक तिची, दुरुस्ती तिची, आणि दोन्हींचा दोष मात्र एकाच माणसाच्या खात्यावर, जे माणूस खाली ओला टॉवेल गळ्याभोवती घेऊन बसलं होतं.

घरी नवरा भुंगीला केळं भरवत होता. निम्मं तिच्या पोटात, निम्मं त्याच्या बाहीवर. वारेवालीनं त्याला सगळं सांगितलं. ओलं फडकं, 'लगेच', पट्टी, सर, चकतीचं कुलूप. सांगता सांगता तिला हलकं वाटायला लागलं आणि तेही तिला खटकलं.

तो ऐकत होता. मग म्हणाला, "बरं. मग मला का सांगतेस?"

"म्हणजे?"

"मी काय पाळणाघर चालवतो?"

"माझी नोकरी जाईल कदाचित."

"जाईल कदाचित," तो म्हणाला. "तिची नक्की चाललीये." आणि भुंगीचं तोंड पुसत त्यानं विषय तिथेच सोडला. लग्न झाल्यापासून त्याचा हा एक वाईट गुण होता, मुद्द्याचं बोलून झालं की गप्प बसायचं.

सकाळी वर गेल्यावर तिनं आधी चकतीचं कुलूप काढलं आणि हवा पूर्वीइतकी केली. मग सरांच्या केबिनमध्ये गेली. "सर, मी खाली सांगणार आहे. तुम्हाला आधी सांगावं म्हणून आले," एवढंच बोलली आणि ते काही म्हणायच्या आत बाहेर पडली, कारण ते काही म्हणाले असते तर ती खाली गेलीच नसती. मग तिनं व्यवस्थापक बाईंना पाळणाघरात बोलावलं, जेवणं चालू असताना, मुलं झोपायच्या आधी.

एक गादी तिनं स्वतः ओढून भिंतीशी आणली. चकती टोकापर्यंत गार केली. मुलं छोट्या टेबलाशी बसून चमचे आपटत होती. मावशी भात भरवता भरवता पाहत होती.

"बाई, जरा आडव्या व्हा," वारेवाली म्हणाली.

"काय?"

"इथे. गादीवर. डोकं या बाजूला."

व्यवस्थापक बाईंनी आपल्या कपड्यांकडे पाहिलं, गादीकडे पाहिलं, गादीवरच्या वाळलेल्या दुधाच्या डागाकडे पाहिलं. पण वारेवालीच्या चेहऱ्यावर असं काहीतरी होतं की त्या गुडघ्यांवर टेकल्या, मग कोपरावर, आणि शेवटी कडक इस्त्रीसह आडव्या झाल्या. मुलांना वाटलं हा नवा खेळ. जुळ्यांपैकी एक धावत येऊन त्यांच्या पोटावर बसला. कुणालाही न घाबरणाऱ्या बाई तशाच पडून राहिल्या.

थोडा वेळ काही झालं नाही. मग बाईंचा हात आपोआप कानावर गेला.

"हे काय आहे?"

"हवा."

"इतकी गार? पण खोली तर..."

"खोली छान आहे. गाद्या गार आहेत. भिंतीवरचा आकडा छातीच्या उंचीवरचा आहे, मुलं खाली झोपतात. आणि चकतीला कुणी हात लावला नाही तरी इथे असंच असतं, थोडं कमी इतकंच."

बाई उठून बसल्या. पोटावरचं जुळं मांडीवर घसरलं. "हे कुणी केलं?"

"मी," वारेवाली म्हणाली.  "मी आखलं. मोजलंसुद्धा, आणि चालेल म्हटलं. आठवड्यापूर्वी मला कळलं, मग मी वरून गुपचूप हवा कमी केली, म्हणून नाकं थांबली. समज दिल्यामुळे नाही. मावशींचा यात काही संबंध नाही." आता उरलं होतं ते सगळ्यात जड होतं, आणि ते बाईंना सांगायचं नव्हतं. ती वळली. "मावशी, त्या बैठकीत मीच म्हणाले की तुम्ही जमीन ओली पुसून लगेच गाद्या टाकता. मी ते पाहिलं नव्हतं. पुसताना पाहिलं होतं. 'लगेच' मी आपलंच लावलं."

मावशीचा चमचा हवेत थांबला होता. समोरचं पोर तोंड उघडून वाट पाहत होतं. तिनं त्याच्या तोंडात घास घातला, मग चमचा ठेवला.

"ओलं पुसते," ती म्हणाली. "मग कोरड्या फडक्यानं पुसते. मग खिडकी उघडते. मग गाद्या टाकते. ते फडकं तिथे खिळ्याला असतं. कुणीही बघावं."

वारेवालीनं पाहिलं. दोन फडकी होती. दुसरं इतके दिवस तिच्या डोळ्यांसमोरच होतं.

"म्हणजे त्या दिवशी मी तुमच्यापुढे रडत होते," मावशी सावकाश म्हणाली, "माझ्यामुळे कान फुटला म्हणून, तेव्हा तुम्हाला माहीत होतं."

"हो."

"आणि चकती? बिघडली नव्हती."

"नव्हती. मी बांधून ठेवली होती."

मावशीनं मान हलवली, जशी एखाद्या मुलानं भांडण सांगितल्यावर हलवते, ऐकलं एवढंच सांगणारी. "बरं, मॅडम," ती म्हणाली.

'मॅडम' ती कुणालाही म्हणायची. व्यवस्थापक बाईंना, पत्र घेऊन येणाऱ्या बाईलाही. फक्त मुलांच्या आयांना म्हणत नसे.

पुढे जे व्हायचं ते झालं. तपासणीची मंडळी आली. सरांनी पाळणाघर त्यांना दाखवलंच नाही, पण वारेवालीनं दाखवलं, आणि दर्जा एका पायरीनं खाली आला. सर तिच्याशी कामापुरतं बोलू लागले. नोकरी राहिली, मोठं काम मात्र दुसऱ्याकडे गेलं. संस्थेच्या मुलींना व्यवस्थापक बाईंनी 'तूर्त नको' कळवलं; जुळ्यांच्या बापानं सगळ्या पालकांच्या वतीनं मावशीची माफी मागितली, नंतर खासगीत वारेवालीला म्हणाला, "तुमच्यापेक्षा आम्ही चांगले नाही हो, आम्हीही मानाच हलवत होतो." तिला त्यानं बरं वाटलं नाही.

तळाच्या जाळ्या बंद झाल्या. हवा आता वरून, सावकाश यायची आणि मुलांच्या अंगावर येईपर्यंत तिचा गारठा गेलेला असायचा. मावशी मुलांना थोपटायला जिथे बसते त्या स्टुलापाशी वारेवालीनं एक छोटी वाकडी नळी बसवली, मानेच्या उंचीवर तोंड असलेली, तिची स्वतंत्र चकती असलेली. ती हवा स्टुलापलीकडे जात नव्हती. तिनं ते तीनदा तपासलं, पट्टी धरून, आणि या वेळी बसून, उभं राहून आणि आडवं होऊनसुद्धा. मावशी शेजारी उभी राहून पाहत होती.

"दुसऱ्याला नाही ना लागणार?" तिनं विचारलं.

"नाही."

"बरं, मॅडम."

मावशीनं चकतीला हात लावला नाही. निदान वारेवाली तिथे असेपर्यंत.

आता रोज दुपारी वारेवाली वरून खाली येते. काचेच्या दाराबाहेर थांबते, आत जात नाही. आत मावशी जमीन ओली पुसते, कोरडी पुसते, खिडकी उघडते, मिटते, गाद्या अंथरते. मग एक नवीन काम तिनं आपल्या मनानं वाढवलं आहे. एकेका गादीशी ती गुडघे टेकून बसते, कंबरेवर हात ठेवत, कण्हत, आणि आपला गाल गादीवर टेकवते. डोळे मिटून थोडी वाट पाहते. मग पुढची गादी. सगळ्या गाद्यांवर तिचा गाल टेकून झाल्याशिवाय एकाही मुलाला ती आडवं करत नाही.

भिंतीवरचा आकडा तिच्या डोक्यावर लुकलुकत असतो. मावशी त्याच्याकडे पाहत नाही.

भुंगीची गादी शेवटची, कोपऱ्यातली. तिथे मावशी जरा जास्त वेळ गाल टेकून राहते असं वारेवालीला वाटतं. खरंच राहते की आपणच लावून घेतोय, हे ती आता ठामपणे म्हणणार नाही. ती काचेला कपाळ टेकून उभी राहते आणि आतलं डोकं वर उठायची वाट पाहते, परीक्षेच्या निकालासाठी उभं राहावं तशी, श्वास धरून. मावशी उठते. पोरीला उचलून आणून गादीवर ठेवते, पांघरूण ओढते, स्टुलावर बसते.

बऱ्याच वेळानं काचेतून गुणगुणणं ऐकू यायला लागतं. मग वारेवाली वर जाते.